चांदीची धाव

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवायचे हे आमच्याकडे ठरलेले आहे. पाहुणा देवभक्त असेल तर शेगाव, इतिहासाचा शौकीन असेल तर जिजाऊंचे सिंदखेडराजा, आणि परदेशी असेल तर लोणार. काळ्या बेसॉल्टच्या कातळात उल्का आदळून झालेले लोणारचे ते विवर पाहायला शास्त्रज्ञ सातासमुद्रांपलीकडून येतात, आणि ज्या दगडाला ठेच लागली म्हणून गुराखी शिव्या घालतो तोच दगड कागदात गुंडाळून जपून घेऊन जातात. खामगाव मात्र कोणी कोणाला दाखवीत नाही. खामगावला माणूस पाहुणा म्हणून येतच नाही. तो गिऱ्हाईक म्हणून येतो. कापूस विकायचा असेल तर खामगाव, चांदी घ्यायची असेल तर खामगाव. त्याला 'रजतनगरी' म्हणतात ते काही उगीच नव्हे.

पण एक काळ असा होता की, परदेशी साहेब खास खामगाव पाहायला येत. आमच्या वऱ्हाडची श्रीमंती पाहून त्यांनी तोंडात बोटे घातली, आणि जे पाहिले ते चुकीचे वाचले. त्यांनाच काय हसायचे? आम्ही त्यांच्या देशात गेलो तेव्हा आम्हीही तेच केले. या दुहेरी चुकीची ही हकिगत आहे, आणि ती सांगायला निमित्त झाले आमच्या घरातल्या चांदीच्या तोड्यांच्या एका जोडाचे.

आमचे मूळ गाव खामगाव तालुक्यातले. चुलतभाऊ गेल्यापासून घर आणि शेत वहिनी सांभाळतात. मी शिक्षकी संपवून पुण्यात राहिलो. दसऱ्याच्या आधी एक दिवस वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, मोठ्या आजीचे तोडे मोडाचे आहेत. नातीले पुण्याले शिकाले पाठवतो म्हनलं. पन तुमी या एकदा. ते काही माह्या एकटीचे नाहीत. मांगून कोनी बोलाले नको."

मोठी आजी म्हणजे माझी पणजी. मी तिला पाहिलेले नाही. पण तिचे एक वाक्य आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. दूध नासले, बैल लंगडा निघाला, जावई बिनकामाचा ठरला, की आजी म्हणायची, "सोळाचे दहा झाले." लहानपणी आम्हाला ती म्हणच वाटे. पुढे आजीनेच तिची गोष्ट सांगितली. मोठ्या दुष्काळात पणजी चांदीचे डाग पदरात बांधून खामगावला सराफाकडे गेली होती. एका रुपयाच्या वजनाची चांदी म्हणजे सोळा आणे, हा हिशेब तिला पाठ होता. सराफाने दहा आणे मोजले. ती रडली, भांडली, आणि शेवटी दहा आण्यांनी देऊन आली. चार जोड होते, त्यातला एक उरला. "त्या सराफानं आपल्या घराचा गळा कापला," असे म्हणून आजी गोष्ट संपवायची, आणि त्या सराफाच्या पेढीवर आमच्या घरातले कोणीही पुन्हा पाय ठेवणार नाही, हे ओघानेच आले.

गाडी भुसावळ सोडून पूर्वेकडे निघाली तेव्हा उजाडत होते. मलकापूर गेले, नांदुरा गेले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पांढरी होऊ लागली होती. मधूनमधून कापणी झालेल्या सोयाबीनचे रिकामे तुकडे दिसत होते. जलंबला गाडी थांबली, आणि तिथून खामगावकडे फुटणारा रेल्वेचा फाटा दिसला. अवघ्या आठ मैलांचा, म्हणजे तेरा किलोमीटरांचा हा फाटा. पण त्याचे उद्घाटन करायला १८७० च्या मार्चमध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते! आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! आज मंत्रिमहोदय पुलाची फीत कापायला येतात त्याचे आपल्याला कौतुक वाटत नाही. पण तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले १८५३ साली. मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला १८६७ साली. आणि तीनच वर्षांत खामगावच्या बाजारासाठी खास फाटा! खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बुलढाणा जिल्ह्यात ते आले १९०५ साली.

कारण काय, तर कापूस. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध जुंपले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाऊणहून अधिक दक्षिण अमेरिकी संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि तो ओघ आटला. मग मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. मुंबईत कापसाचा भाव तिपटी-चौपटीवर गेला. मुंबईच्या शेअरबाजारातले ते वेड आणि १८६५ मधले दिवाळे आपण इतिहासात वाचतो. पण त्या पैशाचा एक ओहोळ मागे फिरून आमच्या काळ्या मातीतही आला होता, हे सहसा वाचायला मिळत नाही.

साहेबांनी मात्र ते टिपून ठेवले. त्या काळी कापसाच्या कामावर देखरेख करायला रिव्हेट-कार्नॅक नावाचे कमिशनर नेमलेले होते. त्या काळच्या सरकारी अहवालांत अशी नोंद आली की, या मुलखात कुठे कुठे शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या आहेत. ही गोष्ट पुढे इतकी गाजली की अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून ती आजही भेटते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते ते असे: अचानक पैसा हाती आलेला अडाणी कुणबी, त्याला तो कुठे ठेवावा हे कळत नाही, म्हणून तो चिखलात चांदी घासत चालला आहे.

वाचकहो, हेच चित्र मनात धरून बसू नका. आधी मला थोडे मँचेस्टरला जाऊन येऊ द्या.

माझा मुलगा तिथे नोकरीला आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघे चार महिने त्याच्याकडे राहून आलो. शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा आणि त्यांची पत्नी राहत. आजोबांच्या स्वेटरला दोन्ही कोपरांवर ठिगळे. मोटार इतकी जुनी की सुरू होताना ती आधी खोकायची. रोज सकाळी फावडे घेऊन नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर जायचे आणि बटाटे खणून आणायचे. आम्हाला फार वाईट वाटले. म्हातारपणी माणसावर बटाटे खणायची पाळी यावी! आमच्या मंडळींनी तर दुकानातून एक नवा स्वेटर आणून ठेवला. दिवाळीची भेट म्हणून द्यायचा, म्हणजे त्यांचा मान राहील. मुलाला हे कळले तेव्हा तो हसून लोळायचाच बाकी राहिला. ते आजोबा मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. राहते घर स्वतःचे, समुद्रकाठी दुसरे, आणि दरमहा येणारी पेन्शन माझ्या वार्षिक पेन्शनशी सलगी करणारी!

मौज पुढेच आहे. आमची कीव येण्याऐवजी त्या दोघांना आमचा दबदबा वाटत होता. आमच्या मंडळी सकाळी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायला जात, त्या हातात चार सोन्याच्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि पायांत चांदीची जोडवी घालून. आजींनी एकदा मुलाला हळूच विचारले, "तुझी आई राजघराण्यातली आहे का?" त्यांच्याकडे इतके सोने अंगावर घालून कचरा टाकायला कोणी जात नाही. ज्याच्याकडे ते असते तो ते लपवतो, आणि जो मिरवतो त्याला लोक नवश्रीमंत समजतात. आमच्याकडे उलट. अंगावर काही नसलेली बाई दिसली की आम्ही विचारतो, "घरी सगळे बरे आहे ना?"

पुढे ओळख वाढली. चहाच्या वेळी आमच्या मंडळींनी आजींना, मुलाच्या मदतीने, समजावून सांगितले की हे दागिने श्रीमंतीचे नव्हेत, भीतीचे आहेत. पाऊस पडला नाही, घरातले माणूस अंथरुणाला खिळले, तर यातली एक बांगडी जायची. आजी विचारात पडल्या. म्हणाल्या, "आमचीही भीती आहे; पण ती कागदावर असते. पेन्शन, विमा, बँक." आणि मग आजोबांनी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी जागचा हललो.

त्यांच्या आजीची आजी मँचेस्टरजवळच्या एका गिरणगावात कापड विणायची. १८६२ साली गिरणी बंद पडली. आधी भिंतीवरचे घड्याळ गहाण गेले, मग रविवारी चर्चला जायचे कपडे, मग पांघरुणे. त्या काळाला ते 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. १८६२ च्या अखेरीस लँकेशायर आणि आसपासच्या मुलखात जवळजवळ पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. गिरणी अधूनमधून चाले ती हिंदुस्थानी कापसावर. त्याला सगळे 'सुरत' म्हणत. मग तो सुरतेचा असो, की वऱ्हाडचा. हा कापूस आखूड धाग्याचा आणि वाटेत माती-कचरा भरलेला. धागा सारखा तुटे, आणि तुटला की विणणारणीची मजुरी बुडे. पुढे 'सुरत' ही त्या गावांत शिवीच झाली. "आमच्या आजीला दुकानात काही फसवे विकले, की ती म्हणायची, हे सुरत आहे," आजोबा म्हणाले.

मला आमची आजी आठवली. "सोळाचे दहा झाले." दोन म्हाताऱ्या, दोन खंडांत, एकाच कापसाच्या दोन टोकांना बसून कुरकुरत होत्या!

ज्या वर्षी त्या बाईचे पांघरूण गहाण गेले त्याच सुमारास आमच्या खापरपणजोबांनी चांदीचे तोडे घडवले. तिने आमच्या वऱ्हाडला शिव्या दिल्या, आणि आमच्या वऱ्हाडाला तिच्या अस्तित्वाची खबरही नव्हती. मँचेस्टरात लिंकनसाहेबांचा एक पुतळा आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी चाललेल्या लढ्याला उपाशीपोटी पाठिंबा देण्याचा ठराव तिथल्या कामगारांनी १८६२ च्या ३१ डिसेंबरला सभा भरवून केला, आणि लिंकननी १८६३ च्या जानेवारीत त्यांना पत्र लिहून आभार मानले. त्या पत्रातला मजकूर पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेला आहे. तिथे उभा राहून मी ते वाचले आणि मनात म्हटले, श्रीमंत देश श्रीमंत देश म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याचे कष्टकरी असे होते. आपल्याला शिकवले होते फक्त साहेबाचे.

मुलाने मग मला रॉयल एक्स्चेंजची जुनी इमारत दाखवली. एके काळी जगातल्या कापसाचे आणि सुताचे सौदे जिथे होत ते भव्य दालन. १९६८ साली सौदे कायमचे थांबले. आता आत नाटकगृह आहे. पण वर पाहिले तर शेवटच्या दिवसाचे भाव फळ्यावर तसेच आहेत. कोणी पुसले नाहीत. आमच्या खामगावच्या शेतकऱ्याचे सुख-दुःख असल्या फळ्यांवर लिहिले जात होते, आणि त्याने तो फळा कधी पाहिला नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. सोळाचे दहा नेमके कोणी केले, हे शोधायचे मी तिथेच ठरवले, आणि परत आल्यावर पुण्याच्या ग्रंथालयांतून तीन महिने त्याच्या मागे लागलो.

ती हकिगत थोडक्यात अशी.

आमच्या पणजीच्या तरुणपणी रुपया म्हणजे एक तोळा वजनाचे चांदीचे नाणे. मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळीत कोणीही चांदी नेऊन द्यावी, थोडी घडणावळ भरावी, आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे घरातला दागिना आणि पेटीतला रुपया यांत फरक फारसा नव्हताच. शेतकरी चार पैसे सुटले की रुपये सराफापुढे टाकी आणि म्हणे, याचे तोडे कर. अडचण आली की तोडे टाकी आणि म्हणे, याचे रुपये कर. साहेब ज्याला उधळपट्टी म्हणत होता ती आमची बँक होती. तिला चौकीदार लागत नव्हता, ती बायकोच्या पायांत सुरक्षित होती, आणि मुख्य म्हणजे सावकाराला तिच्यावर सहजी हात टाकता येत नव्हता.

तिकडे १८७३ च्या आगेमागे जर्मनीने आणि मग इतर देशांनी चांदी सोडून सोन्याचे चलन धरले. अमेरिकेत चांदीच्या मोठ्या खाणी लागल्या. सोन्याच्या हिशेबात चांदी घसरत गेली. पूर्वी रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत, ते कमी कमी होत सव्वा शिलिंगाच्या खाली आले. आमच्या शेतकऱ्याला ते जाणवले नाही. कारण त्याचा रुपयाही चांदीचाच होता. जाणवले सरकारला. सरकारला दरसाल विलायतेत सोन्याच्या पौंडांत पैसे भरावे लागत: कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांची हमी, आणि इथून निवृत्त होऊन गेलेल्या साहेबांची पेन्शने. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये मोजावे लागत. यावर तोड म्हणून १८९३ च्या २६ जूनला सिमल्याला कायदा झाला. टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद! रुपये पाडायचे ते सरकारने. रुपया मुद्दाम दुर्मिळ करून त्याची किंमत १६ पेन्सांवर आणून बसवली. पण नुसत्या चांदीला असा टेकू कोणी दिला नाही. १८९९ साली लंडनच्या भावाने रुपयातल्या चांदीची किंमत जेमतेम १० पेन्स होती.

सोळा आणि दहा!

ते वाचले तेव्हा मी ग्रंथालयात एकटाच होतो, तरी मोठ्याने "अरे!" म्हणालो. म्हणजे नाण्यावर छाप असेल तर ती चांदी सोळा आण्यांची, आणि तीच चांदी पणजीच्या पायांत असेल तर दहा आण्यांची. दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलन समितीपुढे या धोरणावर कडक टीका केली. पण उपयोग झाला नाही. आणि लगेच पुढच्या वर्षी पाऊस गेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या बायाबापड्या तीस-पस्तीस वर्षे सांभाळलेल्या चांदीची गाठोडी घेऊन सराफांच्या दारी गेल्या, तेव्हा त्यांना कळले की, आपली बँक सहा वर्षांपूर्वीच बुडाली आहे, आणि ते आपल्याला कोणी सांगितलेही नाही.

खामगावला उतरलो तेव्हा वहिनी आधीच येऊन थांबल्या होत्या. मांडीवर फडक्यात गुंडाळलेले तोडे.

"कोन्या दुकानात जाचं?" त्यांनी विचारले.

मी त्या जुन्या सराफाच्या पेढीचे नाव सांगितले. वहिनींनी माझ्याकडे असे पाहिले, की विलायतेच्या हवेने भाऊजींचे डोके फिरले असावे. वाटेत मी त्यांना सगळे समजावून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण आल्या.

पेढीवर त्या घराण्यातले पन्नाशीचे शेठजी बसले होते. त्यांनी तोडे हातात घेतले, वजन केले आणि टंच काढायच्या यंत्राखाली धरले. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"गुरुजी, हे ५८० ग्रॅम. जुन्या मापाने पन्नास तोळ्याला जरासे कमी. आणि टंच निघतोय एक्क्याण्णवच्या वर. ही कलदार रुपयाची चांदी आहे. पन्नास रुपये आटवून हा जोड केलाय. बारा भागांत अकरा चांदी आणि एक भाग हिणकस, असाच तो रुपया असायचा. दोन-तीन ग्रॅम झिजलेत, ते तुमच्या आज्यांच्या चालण्याने."

खापरपणजोबांची सही भेटावी तसे मला वाटले. पन्नास रुपये! दुष्काळात या जोडाचे एकतीस रुपये चार आणे आले असते.

मी शेठजींना ती चांदीच्या धावांची गोष्टही विचारली. ते हसले. "साहेबाने लिहिले खरे. पण धाव कशी चढवतात पाहिलीय ना? गोवऱ्यांच्या आगीत लोखंडाचे कडे लाल करायचे, ते पुठ्ठ्यांवर ठोकून बसवायचे आणि वर पाणी ओतायचे, म्हणजे ते आवळून बसते. चांदी पडली मऊ. भरलेली बंडी खामगावहून नांदुऱ्याला पोचेपर्यंत तिचा पापड होईल. कोणी लग्नाच्या दमणीला हौसेने पत्रा मारला असेल, बैलांच्या शिंगांना शेंब्या केल्या असतील. शेतकरी चांदी चाकाला कशाला लावील? चाक झिजते."

मग मी घसा साफ केला आणि आमच्या घरातला तो सव्वाशे वर्षांचा आरोप त्यांना सांगितला, आणि तो कसा खोटा होता तेही. सिमला, टाकसाळ, सोळा पेन्स, दहा पेन्स. शेवटी म्हणालो, "आमच्या पणजीने तुमच्या पणजोबांना गळाकापू म्हटले. पुढे चार पिढ्या आम्ही तेच म्हणत आलो. त्याची माफी मागायला आलो आहे."

शेठजींनी तराजूवरचा हात काढला. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमचे एकच घर नव्हते, गुरुजी. पंचक्रोशीत असेच बोलत. आमच्या पणजोबांनी दहा आण्यांनी घेतलेली चांदी पुढच्या महिन्यात साडेनऊला द्यावी लागली, असे आजोबा सांगायचे. रोज चाळीस बायका दारात. नाही म्हणावे तर त्यांची पोरे उपाशी, हो म्हणावे तर घरची रोकड संपलेली. शेवटी त्यांनी पेढीच्या मागच्या दाराने ये-जा सुरू केली. पुढून गेले की लोक थुंकायचे. लोकांना समोर आम्हीच दिसत होतो ना. सिमला कोणाला दिसणार?"

त्यांचा मुलगा चहा घेऊन आला. वहिनींनी इतका वेळ तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "दादा, भाव काय लावता ते सांगा आता. अन् यावक्ती सोळाचे सोळा पाह्यजेत बरं."

सगळे हसले. २०२५ साली चांदी किलोला दीड लाखाच्या पलीकडे जाऊन आली आहे. यावेळी दूरच्या त्या फळ्यावरचा आकडा आमच्या बाजूने पडला होता, एवढेच. शेठजींनी फळ्यावरचा त्या दिवसाचा भाव दाखवला, टंचाप्रमाणे हिशेब केला आणि घट धरली नाही. नातीची पहिल्या वर्षाची फी भागण्याइतकी रक्कम झाली. पावती झाली, पैसे खात्यावर जमा झाले. तोडे मुशीत जाण्यासाठी आत गेले तेव्हा वहिनींनी एकदाच मान वळवली.

मग त्या म्हणाल्या, "त्यातले पाच तोळे परत द्या मले. नवी चांदी द्या. नातीसाठी साधे वाळे करून द्या."

"अहो काकू, आजकालच्या मुली वाळे घालतात होय?"

"घालाले कोन सांगते? पेटीत ठेवन ते."

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. शहराबाहेर कापसाने भरलेली एक बंडी बाजाराकडे चालली होती. तिला रबरी टायर होते. तिच्या मागे आमची रिक्षा बराच वेळ रेंगाळली. वहिनी बाहेर पाहत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "भाऊजी, तुमी तं सायबाच्या देशात जाऊन आले. तिकडचे लोक दुस्काळासाठी काय ठेवतात?"

मी त्यांना पेन्शन समजावून सांगितली. माणूस नोकरीत असताना थोडे थोडे कापून घेतात, आणि म्हातारपणी दर महिन्याला ठरलेली रक्कम घरी येते. सगळे कागदावर. ते ठिगळाच्या स्वेटरचे आजोबाही सांगितले.

वहिनींनी ते नीट ऐकून घेतले.

"दर महिन्याले? न चुकता?"

"न चुकता."

"मंग तिकडं पाऊसबी पगारासारखाच एक तारखेले पडत असन," वहिनी म्हणाल्या, आणि पदरात बांधलेली वाळ्यांची पुडी त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.